ऊर्फ

माणसाला स्वतःचं पूर्ण नाव ठाऊक असतं, ही एक गोड गैरसमजूत आहे. जालन्यात बँकेच्या खिडकीमागं वीसेक वर्षं बसल्यावर माझं हे मत झालेलं आहे, आणि इतक्या वर्षांत बढती न मिळाल्यामुळे ते बदलायचं काही कारणही घडलेलं नाही. "पूर्ण नाव सांगा" म्हटलं की चांगला सज्ञान, दोन मुलांचा बाप असलेला गृहस्थ "एक मिनिट हं" म्हणतो आणि खिशातून आधार कार्ड काढून बघतो. मग विचारतो, "कुठलं सांगू? ह्याच्यावरचं की पॅनवरचं?" आधारवर तो काशिनाथ असतो, पॅनवर काशीनाथ, सातबाऱ्यावर काशिराम आणि घरी काशा. चारही नावांना ओ देणारा माणूस एकच. पण कॉम्प्युटरला ते पटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तो आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंपेक्षा कडक आहे.

मी स्वतः बी. कॉम. आहे. बी. कॉम. झालेल्या माणसाला तत्त्वज्ञान सहसा बाधत नाही. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की त्याचं जग जुळतं. तरीही "मी कोण?" हा प्रश्न २०२५ सालच्या दसऱ्याच्या सुमारास माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि त्याला कारण झालं आमच्या बँकेचं संकेतस्थळ.

झालं असं की त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं, यापुढे देशातल्या सगळ्या बँकांच्या संकेतस्थळांचं आडनाव एकच राहील : डॉट बँक डॉट इन. एप्रिलमध्ये परिपत्रक आलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत पडली. कारण सरळ आहे. बँकेच्या नावासारखंच नाव घेऊन, एखादं अक्षर इकडचं तिकडं करून, भामटे हुबेहूब दुकान थाटतात आणि भोळा खातेदार तिथं पासवर्ड देऊन मोकळा होतो. नवं आडनाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळणार आणि बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. म्हणजे आडनाव बघून घराणं ओळखायचं. आपल्याकडे ही पद्धत जुनीच आहे. इतके दिवस ती लग्नाला लावत होते, आता पैशाला लावली.

आमची बँक लहान आहे. तिचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडे माझा भाचा नोकरीला आहे, कॉम्प्युटर इंजिनियर. नाव बदलायचं काम त्याच्याकडे आलं आणि साहेबांनी मला त्याच्याशेजारी बसवलं. म्हणाले, "बँकेतर्फे कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे." जबाबदार माणूस म्हणजे ज्याच्या खिडकीचा प्रिंटर त्या दिवशी बंद आहे तो.

भाच्यानं चाचणीचं मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर सरकली आणि एक ओळ इंग्रजीत उमटली. ती मी दोनदा वाचली. तिचा अर्थ असा होता : मला माझं पूर्ण नाव खात्रीनं ठरवता आलेलं नाही, तूर्त १२७.०.०.१ धरून चालतो.

"अरे, हे काय म्हणतंय?"

"काही नाही मामा, नेहमीचंच आहे. अपाची चालू होताना असं म्हणतो. फाइलमध्ये सर्व्हरनेमची एक ओळ लिहिली की गप्प बसेल."

"आणि नाही लिहिली तर?"

"तरी चालतो."

मी थक्क झालो. स्वतःचं नाव ठाऊक नाही हे उघड कबूल करायचं आणि तरी कामाला लागायचं! आमच्याकडे असा खातेदार आला असता तर त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं. आणि ते १२७.०.०.१ म्हणजे काय, तर जगातलं प्रत्येक मशीन स्वतःला याच आकड्यानं ओळखतं. दिल्लीतलं तसंच, जालन्यातलंही तसंच. म्हणजे आपलं "मी". दार वाजल्यावर "कोण आहे?" विचारलं की आपण "मी" म्हणतो ना, तेच. जगात सगळे जण मीच असतात, आणि त्यामुळे दार उघडेपर्यंत काही कळत नाही.

"पूर्ण नाव म्हणजे काय रे?" मी विचारलं. त्यानं सांगितलं ते ऐकून निराशा झाली, कारण ते मला तिसरीपासून येत होतं. आधी मशीनचं स्वतःचं नाव, मग ठिपका, मग घराण्याचं, पुन्हा ठिपका, मग त्याहून मोठ्याचं. पोस्टकार्डावर आपण दुसरं काय करतो? मुक्काम पोस्ट जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. ठिपक्याच्या जागी स्वल्पविराम.

जांबचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. १६०८ साली तिथं नारायण सूर्याजी ठोसर जन्मले आणि पुढं समर्थ रामदास झाले. मग गावानंच आपल्या नावाला त्यांचं नाव जोडून घेतलं. हे गाव पूर्वी अंबड तालुक्यात होतं, आता घनसावंगीत. पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होतं, आता जालन्यात. जागचं तसूभर हललेलं नाही आणि पत्त्यातली एक ओळ जुनी राहिलेली नाही. जालना शहराचं तरी काय वेगळं? कुंडलिकेच्या काठी बसल्या जागी ते निजामाच्या संस्थानात होतं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं आणि १ मे १९८१ रोजी स्वतःच जिल्हा झालं. माझा जन्म त्याच वर्षीच्या मार्चमधला. म्हणजे जिल्हा माझ्यापेक्षा लहान आहे, पण तसा मान कधी देत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर जिल्हा औरंगाबाद आहे, आणि त्या औरंगाबादचंही २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालेलं आहे. मला कुणी जन्मस्थळ विचारलं की त्या काशिनाथासारखं "कुठलं सांगू?" असं तोंडावर येतं.

नावांचा हा घोळ पोस्ट खात्यातल्या एका माणसानं ओळखला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्टात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि एकाच गावाची अनेक स्पेलिंगं, यावर उपाय म्हणून त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला. जिल्हा फुटला, तालुके फुटले, तरी ४३१२०३ म्हणजे जालनाच. एका संस्कृत कवीला शेवटी आकड्यांकडे यावं लागलं, यावर मी कॉमर्सचा असल्यामुळे फार आनंद दाखवत नाही.

इंटरनेटच्या तळाशीही आकडेच आहेत, असं भाचा म्हणाला. नावं माणसांसाठी. नावावरून आकडा काढून देणारी वही सुरुवातीला सगळ्या जाळ्यासाठी एकच होती आणि ती अमेरिकेत, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या कचेरीत ठेवलेली असे. कुणी नवं मशीन जोडलं की त्यांच्याकडे नाव नोंदवायचं. पसारा आवरेना तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वह्या वाटून द्यायची तोड काढली. आमच्या भाषेत सांगायचं तर हेड ऑफिसचं लेजर शाखांकडे गेलं. आता प्रत्येक जण आपल्या शेजारच्या वहीत बघतो आणि मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. किती काळ, ते सेकंदांत लिहिलेलं असतं. तासभर, किंवा ८६,४०० सेकंद म्हणजे एक दिवस. मग विसरून नव्यानं विचारायचं. ही सोय मला फार आवडली. मराठवाड्यातल्या माणसाच्या आठवणीला अशी मुदत कुणी घातलेली नाही. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तरी खेड्यावरून आलेला म्हातारा "हैद्राबाद बँक कुठंशी आली?" असंच विचारतो, आणि रिक्षावाला त्याला बरोबर दारात सोडतो.

असो. मूळ दुखण्याकडे येतो.

भाच्यानं सगळं लिहून बँकेचं नवं नाव टाईप केलं आणि कळ दाबली. पडद्यावर एक मंगल कार्यालय उघडलं. वातानुकूलित हॉल, वधूपक्षासाठी चार खोल्या, प्रशस्त पार्किंग, आचारी आपला चालेल. खाली तिथींचा तक्ता. भाच्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा मंगल कार्यालय. साहेब मागून जाताना थबकले आणि म्हणाले, "हे आपलं आहे?" मी म्हणालो, "चाचणी चालू आहे साहेब." ते म्हणाले, "डिपॉझिटचे दर कुठं दिसत नाहीत."

कारण असं की त्या चाचणीच्या मशीनवर बिऱ्हाडं अनेक होती. एक मंगल कार्यालय, एक बियाण्यांचं दुकान, एक कोचिंग क्लास आणि आमची बँक. जुन्या वाड्यासारखं, आकडा एक, दिंडी दरवाजा एक. फार पूर्वी येणारा नुसता वाड्याचं दार वाजवायचा. १९९७ च्या नियमावलीनंतर त्याला दारातच सांगावं लागतं की मी अमक्याकडे आलो आहे. मग मशीन आपली यादी बघतं. ते नाव यादीत असलं तर त्याच्या बिऱ्हाडी पोचवतं. नसलं तर, आणि मला हे विलक्षण वाटलं, "असं कुणी इथं राहत नाही" म्हणत नाही. यादीत जो पहिला असेल त्याच्याकडे नेऊन बसवतं. पहिलं होतं मंगल कार्यालय. आमच्या शाखेतही हाच नियम आहे. कुणाकडं काम आहे हे ज्याला सांगता येत नाही त्याला शिपाई खिडकी क्रमांक एकवर पाठवतो. तिथं मी बसतो.

म्हणजे आमचं नाव यादीत नव्हतं. "आहे मामा, मी स्वतः लिहिलंय," भाचा म्हणाला. त्यानं आकडा तपासला, आठवणी पुसल्या, मशीन बंद करून चालू केलं, दोन चहा झाले. शेवटी मी म्हटलं, "तू वाच, मी टिक मारतो." आम्ही व्हाउचर जुळवतो तसं परिपत्रक एका हातात, यादी समोर, अक्षर अक्षर घेतलं. नवव्या अक्षराला मी त्याला थांबवलं. इंग्रजी स्पेलिंगात एक 'ए' जास्त पडला होता. तो काढला आणि व्याजदरांसकट आमची बँक प्रकट झाली. भाचा म्हणाला, "मामा, तुमची नजर भारी आहे." ही नजर वीस वर्षं लोकांच्या नावांत चुका काढून तयार झालेली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्याच यादीत आमच्या नावाखाली दुसरी एक ओळ होती. विचारलं, हे काय? "सर्व्हरअलायस. म्हणजे ऊर्फ. ह्या नावानं आला तरी तोच, त्या नावानं आला तरी तोच." किती लिहिता येतात? हवी तितकी. आणि आमच्या जुन्या नावासाठी त्यानं आणखी वेगळी तजवीज केली होती. जुन्या पत्त्यावर कुणी आलं की त्याला निरोप मिळतो, आम्ही कायमचे इकडे हललो आहोत. आणि निरोप कळायच्या आत तो माणूस नव्या दारात उभा असतो. त्याला चालावंसुद्धा लागत नाही.

साहेबांनी विचारलं, जुन्या नावाची वार्षिक फी किती वर्षं भरायची? एका वर्षानं सोडून देऊ. भाचा म्हणाला, सोडता येणार नाही. सोडलेलं नाव कुणीही विकत घेऊ शकतो. उद्या एखादा भामटा आपल्या जुन्या ओट्यावर आपलीच पाटी लावून बसेल आणि जुनी माणसं सवयीनं त्याच्याकडे जातील. साहेबांनी दोन क्षण विचार केला आणि फीच्या कागदावर सही केली. साहेबांना इतक्या लवकर सही करताना मी प्रथमच पाहिलं.

त्याच आठवड्यात माझ्या खिडकीवर एक मावशी आल्या. वय पासष्टीच्या पुढं, राहणार मंठा तालुक्यातल्या. त्यांची नावं मी सांगणार नाही, खातेदाराचं नाव बाहेर फोडायचं नसतं. माहेरचं नाव एका नदीचं आणि सासरचं एका देवीचं, एवढ्यावर भागवा. बापाची जमीन बदनापूरकडे, ती एका मोठ्या रस्त्यात गेली. भाऊ भले, त्यांनी बहिणीचा वाटा कागदावर ठेवला होता. आता मोबदल्यासाठी खातं हवं आणि खातं कागदावरच्या नावाचं हवं. सातबाऱ्यावर नदी, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर देवी, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. दोन्हींत एक अक्षर सामाईक नाही.

"मावशी, ही बाई कोण?" मी सातबाऱ्यावर बोट ठेवून विचारलं.

"मीच की."

"आणि ही आधारवरची?"

"ती बी मीच."

"पण नावं दोन आहेत."

"दोन काहून आस्तील? माहं येकच व्हतं. दुसरं सासऱ्यानं ठिवलं. मांडवात ताटात तांदूळ पसरले, आंगठीनं नाव लिवलं, आन् म्हणले आजपसून हे. मला कोण इचारलं?"

लग्नाचा दाखला नव्हता. त्या काळी मांडव हाच दाखला. मी नियमाप्रमाणे सांगितलं, दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे असं प्रतिज्ञापत्र आणा. त्या पुढच्या सोमवारी घेऊन आल्या. त्यात टंकलेखकानं नवऱ्याचं नाव चुकवलं होतं. नवव्या अक्षराला थांबणारी नजर तिथंही थांबली. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं. दर वेळी मंठ्याहून एसटीनं जालना आणि परत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तिकीट अर्धं, हेलपाटे पूर्ण.

मी नियमाला नावं ठेवत नाही. खिडकीवर येणाऱ्या कुठल्याही बाईला "तुम्हीच का त्या? बसा" म्हणायला लागलो तर उद्या एखादा भाऊ कुणाला तरी बहीण म्हणून उभी करील आणि खरी बहीण मंठ्यातच राहील. हे घडत नाही असं नाही. ओळखीशिवाय पहिल्या बिऱ्हाडात नेऊन बसवणाऱ्या मशीनइतकं प्रेमळ बँकेला होता येत नाही. तो एक जास्तीचा 'ए' काढलाच पाहिजे.

पण हिशेब एका जागी जुळत नाही. आमच्या बँकेनं नाव बदललं, तेव्हा खातेदाराला एक पाऊल जास्त टाकावं लागू नये म्हणून एक इंजिनियर, एक क्लार्क आणि दोन चहा खर्ची पडले, जुन्या नावाची फी चालू राहिली, वर निरोप्या बसवला. मावशींचं नाव बदललं ते त्यांनी नव्हे, दुसऱ्यांनी. आणि दोन्ही नावं एकाच बाईची हे शाबित करायची धावपळ मात्र त्यांची. नाव हे मुळात हाक मारणाऱ्याच्या सोयीसाठी असतं. मशीनला नावाशिवाय चालतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग ते बदलायचा खर्च ओ देणाऱ्याच्या खात्यावर का टाकायचा? वहीत एक नाव खोडून दुसरं लिहिणाऱ्यानं शेजारी "पूर्वीचं अमुक" एवढे दोन शब्द लिहिले असते, तर तीन फेऱ्या वाचल्या असत्या. त्या ताटातल्या तांदळावर ऊर्फ लिहायला जागा नव्हती असं मला वाटत नाही.

भाच्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मामा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऊर्फचा रकाना नाही?" म्हटलं, नावाला एकच रकाना आहे. तो हसला. मोठी माणसं हसली असती तर राग आला असता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नावही लिहायचं असतं. चांगलंच झालं. पण कुठल्या आईचं लिहायचं, नदीचं की देवीचं, हे तो कागद भरताना घरात एकदा विचारून घ्यावं.

तेव्हापासून खातं उघडायला कुणी बाई आली की मी एक जास्तीचा प्रश्न विचारतो, "माहेरचं नाव?" आणि फॉर्मच्या पाठीमागं ऊर्फ म्हणून लिहून ठेवतो. संगणकात ते जात नाही, पण फॉर्म जपून ठेवावेच लागतात. पहिल्यांदा बाया जरा चमकतात, मग खुलतात. रांग मात्र लांबते. परवा एकीनं तीन नावं सांगितली. तिसरं कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, आजोबा त्या नावानं हाक मारायचे. मागं सात माणसं उभी होती. तेही लिहून घेतलं, पेन्सिलीनं.